आपलीच गाडी

“थांब, थांब. वेस आली,” आप्पा म्हणाले आणि मी ब्रेक दाबला.

मागून जो दणका बसला त्यानं माझं डोकं आधी सीटवर आपटलं आणि मग पुढं स्टिअरिंगपर्यंत जाऊन परत आलं. आप्पांची टोपी उडून पायाशी पडली. मागं काहीतरी खळकन फुटलं आणि मग सगळं गप्प झालं. इंजिनही बंद पडलं होतं. सीटवरचं प्लास्टिकचं कव्हर तेवढं माझ्या साडीखाली चुरचुरत राहिलं. गाडी दिवाळीत घेतली होती, आता शिमगा व्हायचा होता, आणि आप्पांनी ते कव्हर अजून काढू दिलं नव्हतं.

“लागलं का गं कुठं?” आप्पांनी विचारलं.

“नाही. तुम्हाला?”

“मला काय होतंय?” त्यांनी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर नीट बसवली आणि मग हळू आवाजात विचारलं, “पाहुण्यांचीच का गं गाडी?”

मी आरशात बघितलं. पाहुण्यांचीच. दुसरी कुणाची असणार? आमच्या मागं त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं, आणि त्यांना वाट दाखवायला म्हणून तर आम्ही पुढं चाललो होतो.

पाहुणे म्हणजे मला बघायला आलेले. मुलगा शिरीष, त्याची आई आणि मामा. शिरीषचे वडील नव्हते, म्हणून बोलायचं ते सगळं दिनकरमामाच बोलायचे. माझी तिशी तोंडावर आलेली. तालुक्याच्या हायस्कुलात मी शिकवत होते, पण त्याचं कौतुक फक्त शाळेतल्या पोरांना. याआधी जे पाहुणे येऊन गेले त्यांची उत्तरं यायला महिना महिना लागायचा, आणि ती काय असायची ते सांगण्यात अर्थ नाही. पण या लोकांनी पोह्याच्या बशा खाली ठेवायच्या आधीच सांगून टाकलं होतं. मामा म्हणाले, “आप्पा, आम्हाला घोळ घालायची सवय नाही. मुलगी पसंत आहे. पुढच्या रविवारी बैठक घेऊ.” हे ऐकून आई आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी आत गेले तर ती साखरेच्या डब्यात हात घालून नुसती उभी होती.

आणि मला तो आवडला होता. आजही हे सांगायला मला लाज वाटत नाही. दोघांनी जरा बोलून घ्या म्हणून आम्हाला परसात धाडलं, तेव्हा त्यानं पहिला प्रश्न विचारला तो असा, “पोहे तुम्ही नाही केले ना?”

“नाही. आईनं केले. तुम्हाला कसं कळलं?”

“मामा वाहवा करत होते तेव्हा तुम्ही वर बघितलंसुद्धा नाही.”

मी हसले. दाखवायचं म्हणून नव्हे, खरंच हसू आलं. मग त्यानं गाडी कुणी शिकवली ते विचारलं. मी म्हणाले, चुलतभावानं चार दिवस, बाकी पडूनझडून. तो म्हणाला, “आमच्याकडं जीप आहे, बाबांच्या वेळची. ती गाडी कसली, पुढं बैल तेवढे जुंपायचे राहिलेत.” इतकं मोकळं माझ्याशी तोवर एकही मुलगा बोलला नव्हता. बाकीचे विचारायचे, नोकरी पुढं करणार का, आणि उत्तर ऐकायच्या आत घड्याळात बघायचे. परसातून घरात येईपर्यंत मी मनातल्या मनात त्याच्या घरी राहायलासुद्धा गेले होते.

आम्ही बोलत होतो तेवढ्या वेळात मामा अंगणात आमची गाडी बघत होते. आधी सगळीकडून फिरून, मग आत बसून, मग सीट मागंपुढं करून. डिकी उघडून झाली. एसी लावून झाला. बाजारात बैल बघावा तसं चाललेलं, दात तेवढे बघायचे राहिले. आप्पा शेजारी उभे राहून हौसेनं सगळं सांगत होते. त्यांना स्वतःला गाडी येत नव्हती. बियाण्याच्या आणि खताच्या दुकानात त्यांची हयात गेली आणि कुठंही जायचं तर ते लुनावरून जायचे. गाडी घेतली ती दुकानाच्या कामाला, असं ते लोकांना सांगायचे. लोक ऐकून घ्यायचे आणि मी शाळेला गाडीनं जाताना बघायचे.

“कागद कुणाच्या नावावर केलेत?” मामांनी विचारलं.

“उज्ज्वलाच्या.”

“बरं केलंत. नंतरचा त्रास वाचतो.”

आप्पांना वाटलं, आपल्यामागं वारसाहक्काचा त्रास. ते म्हणाले, “तेच की. माणसाचं काय सांगावं?” मी हे परसाच्या दारातून ऐकलं आणि मलाही तसंच वाटलं.

पाहुणे निघाले तेव्हा आप्पा म्हणाले, “चला, वेशीपर्यंत पोचवून येतो.” हे त्यांचं ठरलेलंच. सोयरा असो, खताच्या कंपनीचा माणूस असो, नाहीतर वर्गणी मागायला आलेलं कुणी असो, आप्पा त्याला वेशीपर्यंत पोचवणार, तिथं उभं राहून परत एकदा “या आता, सांभाळून जावा” म्हणणार आणि मगच माघारी फिरणार. आई म्हणायची, घरात चोर आला तरी हे त्याला वेशीपर्यंत पोचवून येतील, आणि वर म्हणतील, परत या.

“चालत कुठं येताय, आम्ही गाडीतनं जाणार,” मामा म्हणाले.

“मग आम्हीपण गाडीतनं. उजू, काढ गं. गल्लीत वाट चुकतात लोक.”

मी काठपदरातच गाडीत बसले, चपला काढून सीटखाली सरकवल्या. मामा जीपच्या दारात उभे राहून म्हणाले, “सून पुढं आणि आम्ही मागं. काळ बदलला बाबा.” सगळे हसले, शिरीषही हसला. तो जीप चालवणार होता. आरशात तो मला दिसत होता आणि मी गल्ल्यांमधून गाडी अशी काढली, अशी काढली, की परीक्षेतसुद्धा तशी चालवली नसेल.

आता वेशीचं सांगते. आमच्या गावाला वेस होती असं म्हणतात. मी ती बघितलेली नाही, आप्पांनी लहानपणी बघितली होती. रस्ता रुंद झाला तेव्हा ती गेली, आणि राहिला तो डाव्या अंगाला बाभळीत बुडालेला एक दगडी खांब, तोही निम्मा. बाहेरच्या माणसाला तिथं नुसता सरळ डांबरी रस्ता दिसतो, थेट हायवेपर्यंत. गाव संपलं म्हणून शिरीषनं वेग घेतला, आणि गाव संपलं म्हणूनच आप्पांनी मला थांबवलं.

मी खाली उतरले. मान वळवायला गेले तर खांद्यापर्यंत कळ गेली. गाडीची मागची बाजू बघवत नव्हती. डिकी आत दबलेली, तिचं झाकण अर्धवट उघडं, एका बाजूचा दिवा फुटून लाल काचा रस्त्यावर पसरलेल्या आणि बंपर एका टोकानं लोंबत होता. जीपला पुढं लोखंडी गार्ड होता. त्याला आमचा डाळिंबी रंग तेवढा लागला होता.

“चुकलं, चुकलं आमचं,” आप्पा हात जोडूनच पुढं गेले. “मीच पोरीला एकदम थांब म्हणालो. तुम्हाला कुणाला लागलं नाही ना?”

मला आतून चीड आली. मागून येऊन धडकले ते, आणि हात कुणी जोडायचे तर आम्ही. पण पसंती होऊन तास झाला नव्हता.

“असू द्या, असू द्या,” मामा मोठ्या मनानं म्हणाले. “होतं असं. बाईमाणसाचा ब्रेक जरा लवकरच लागतो.”

शिरीषची आई जीपमधूनच म्हणाली, “कुणाला लागलं का रे?”

“नाही अक्का, गाडीलाच लागलंय,” मामांनी सांगितलं.

शिरीष आमच्या गाडीमागं येऊन उकिडवा बसला. पत्र्यावरून हात फिरवला, खाली वाकून बघितलं, लोंबणारा बंपर हलवून बघितला. मी त्याच्याकडंच बघत होते. आता उठेल, माझ्याकडं बघेल, काहीतरी बोलेल. परसात बोलला होता तसं एखादं वाक्य बोलला असता तरी मी सगळं विसरले असते.

“श्या,” तो म्हणाला. “एवढी नवी गाडी.” मग माझ्याकडं बघून, “असा एकदम नसतो हो दाबायचा. आधी हळूहळू वेग कमी करायचा.”

“हो,” मी म्हणाले. काय म्हणणार?

“तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका,” आप्पा त्याला सांगत होते. “मी करून घेतो दुरुस्त. आपल्या बाजारपेठेत एक जण आहे, पत्रा चांगला ठोकतो.”

“छे छे, बाहेर नको,” मामा म्हणाले. “शोरूमलाच टाका. ठोकलेला पत्रा नंतर गंजतो. नवा टाकून घ्या. शेवटी आपलीच गाडी आहे.”

“हो की, आपलीच,” आप्पा म्हणाले.

हे नीट सांगायला पाहिजे. आप्पांना ‘आपलं’ म्हणायची फार सवय. दुकानात आलेल्या माणसाला म्हणणार, आपलंच दुकान आहे, बसा. एसटीत शेजारी बसलेल्या परक्या बाईला म्हणणार, आपली पोरं परवा सहलीला गेली होती. तेव्हा मामा आपली म्हणाले ते आप्पांना गोडच वाटलं. माणसं किती लवकर आपलं म्हणाली, असंच वाटलं असणार. मलाही तसंच वाटलं, आणि मघाचा राग थोडा उतरला.

शिरीष उठला आणि हात झटकत म्हणाला, “मामा, रंगाचंपण सांगा मग.”

“कसल्या रंगाचं?” आप्पांनी विचारलं.

“नाही, म्हणजे मागची बाजू तर रंगवावीच लागणार,” शिरीष म्हणाला. अगदी शहाण्यासारखा बोलत होता, आवाजात कुठं खोट नव्हती. “एवीतेवी रंगवायचीच आहे तर सगळीच पांढरी करून घेतली तर? हा रंग जरा बायकी वाटतो. मी रोज कंपनीत घेऊन जाणार म्हणजे कसं, पांढरा बरा दिसतो.”

“लग्नाच्या आत होऊन जाईल,” मामा म्हणाले. “अजून वेळ आहे.”

रस्त्यानं एक सायकलवाला चालला होता. तो थांबून काचा बघायला लागला. आप्पांनी त्याला हातानंच जा म्हणून सांगितलं. मग त्यांनी मामांना विचारलं, “कुणाची गाडी म्हणालात?”

“आपली हो.”

“आपली म्हणजे?”

मामा हसले. “अहो, पोरीच्या नावावर आहे म्हणजे पोरीची. पोरीची ती पोराचीच की. हे बघा आप्पा, आमच्यात मागायची पद्धत नाही. आम्ही तोंडानं काही मागणार नाही, बैठकीतसुद्धा नाही. पण आता तुम्हाला गाडी चालवता येत नाही, घरात दुसरं कुणी चालवणारं नाही. पोरगी गेल्यावर ती काय दारात उभी करून हळदीकुंकू वाहणार आहात?”

खरं सांगायचं तर त्यात चूक काढण्यासारखं फारसं नव्हतं. मला तरी तेव्हा काढता आली नाही. गाडी माझीच होती, आणि लग्न होऊन मी सासरी गेले असते तर ती मी इथं ठेवून गेले असते का? आप्पांनीच ठेवू दिली नसती. पण सकाळपासून बघायचा कार्यक्रम माझा चालला होता असं मी समजत होते.

आप्पा काचांकडं बघत राहिले. त्यांचं गप्प राहणं मामांना मान्य केल्यासारखं वाटलं असावं. शिरीष माझ्याकडं वळला. “तुम्ही तरी सांगा त्यांना. मी काय वावगं बोललो का? तुम्हालापण रविवारी चालवायला मिळेलच की.”

तो हसून म्हणाला हे. तेच परसातलं हसू होतं, आणि अजूनही ते मला चांगलंच दिसलं. मी काहीतरी गोड बोलले असते तर सगळं निभावून गेलं असतं. शब्द तोंडाशी आलेही होते. पण मी भलतंच बोलले.

“माझ्या मानेला हिसका बसलाय,” मी म्हणाले. “वळत नाहीय.”

“अं? हां,” तो म्हणाला. “बसतो तसा. दोन दिवसांत जातो. मामा, इन्शुरन्सच्या लोकांना फोटो लागतील ना? हे असंच राहू दे मग, काचा कुणी उचलू नका.”

मी आप्पांकडं बघितलं नाही. पण ते माझ्याकडं बघत होते हे मला कळत होतं. त्यांनी घसा खाकरला.

“बरं, या आता तुम्ही,” आप्पा म्हणाले. आवाज नेहमीचाच, दुकानात बोलतात तसला. “उन्हाचं कशाला थांबताय? अक्कांना आत उकडत असेल.”

“मग रविवारी बैठकीला किती वाजता यायचं?” मामांनी विचारलं.

“आम्ही कळवतो.”

मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला. हे वाक्य मुलाकडच्यांचं. ते आमच्या घरात किती वेळा ऐकलं होतं आणि त्याचा अर्थ काय असतो हे आम्हाला सांगायला नको होतं. मामांनाही नको होतं, त्यांनी स्वतःच कुठंकुठं म्हटलं असेल. पण ते त्यांना उलट कुणी ऐकवलं नव्हतं.

“कळवतो म्हणजे? पसंती झाली ना मगाशी?”

“तुमची झाली,” आप्पा म्हणाले. “आमची कळवतो.”

“अहो आप्पा, एका पत्र्यावरनं...”

“पत्र्याचं काही नाही. पत्रा मिळतो. गाडी आमची आहे, आम्ही बघू. सांभाळून जावा. पुढं हायवेला वळताना डावीकडून ट्रक जोरात येतात.”

शिरीष मामांकडं बघत होता, मामा आप्पांकडं. जीपमधून त्याची आई म्हणाली, “चल रे दिनू.” एवढंच. तिनं मान खाली घातली होती. त्या बाईला सगळं कळलं होतं असं मला वाटतं. मामा काहीतरी पुटपुटत चढले. शिरीषनं जीप आमच्या गाडीच्या बाजूनं काढली, आमच्या काचांवरून चाकं गेली, आणि जाता जाता त्यानं माझ्याकडं बघितलं की गाडीकडं ते मला आजपर्यंत समजलेलं नाही.

जीप वळेपर्यंत आप्पा रस्त्यात उभे राहिले. मग पाहुण्यांसाठी म्हणून खांद्यावर घातलेलं जरीच्या काठाचं उपरणं त्यांनी काढलं आणि त्यानं डिकीचं झाकण बांधलं. बंपर तोडून मागच्या सीटवर ठेवला. त्या नादात सीटवरचं प्लास्टिक टराटरा फाटलं. त्यांनी तिकडं बघितलंही नाही.

मी गाडी वळवली. मान आखडलेली, म्हणून नुसत्या आरशांवर. घरी आईनं एव्हाना शेजारी साखर वाटली असणार, हे मला माहीत होतं आणि आप्पांनाही.

“मगाशी मला नाही म्हणालीस,” आप्पा म्हणाले.

“काय?”

“लागलं का विचारलं तेव्हा. मला नाही म्हणालीस आणि त्याला सांगितलंस.”

गल्लीच्या तोंडाशी म्हशी आडव्या आल्या होत्या, मी थांबले. आता मागं कुणी नव्हतं तरी आधी आरशात बघितलं.

“गाडी मी देणारच होतो,” आप्पा म्हणाले. “रुखवताच्या वेळी किल्ली तुझ्या हातात ठेवायची असं ठरवलं होतं. तुझ्या आईलापण सांगितलं नव्हतं.”

म्हशी सावकाश चालल्या होत्या. मला रडायला येत होतं आणि मान दुखत असल्यामुळं तोंड दुसरीकडं वळवतासुद्धा येत नव्हतं. समोर बघूनच मी म्हणाले, “आप्पा, मला तो आवडला होता.”

“मलापण गं,” आप्पा म्हणाले. “म्हणून तर एवढा वेळ लागला.”